यिर्मया २९:११ वर बोलायचं असेल, तर आधी २९:५ वाचा

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत तुम्हांला वचनाची, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) एका ओळीची, चिठ्ठी मिळाली. तिच्यावर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ (अध्याय २९, वचन ११) होतं: तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हांला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत, असं देव म्हणतो. यजमानांची बदली चिंचवडहून गावाकडे होईल असं धरून तुम्ही वर्षभर त्या वचनावर प्रार्थना केली, आणि बदली झाली नाही. आता घरगुती प्रार्थना सभा तुमच्याकडे आहे, आणि याच वचनावर पंधरा मिनिटं बोलायचं काम तुमच्यावर आलंय. देवाचं वचन खोटं ठरलं का, आणि सभेत बोलायचं काय, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. वचन खोटं ठरलेलं नाही. ते बदलीबद्दल नव्हतंच, आणि एका वर्षासाठी तर मुळीच नव्हतं. त्याच्या आदल्याच वचनात, २९:१० मध्ये, मुदत लिहिलेली आहे: सत्तर वर्षं. चिठ्ठीवर ती ओळ छापत नाहीत, भिंतीवरच्या वचनपट्टीवर तर नाहीच नाही. "हिताचे संकल्प", "भावी सुस्थितीची आशा" एवढं सुटं काढलं की ते कुठल्याही घरात, कुठल्याही अडचणीवर शोभून दिसतं. पण यिर्मयाने सुविचार लिहिला नव्हता, पत्र लिहिलं होतं.

म्हणून पत्र कुणाला आणि कधी गेलं, ते आधी पक्कं करून घ्या.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाची राजधानी यरुशलेम घेतली. यहूदाचा राजा यहोयाखीन तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि गादीवर बसून त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. धरून बाबेलला नेलेल्यांची मोजदाद २ राजे २४ मध्ये आहे: १४ व्या वचनात दहा हजार बंदिवान, १६ व्या वचनात सात हजार लढवय्ये आणि एक हजार कारागीर व लोहार. थोडक्यात, ज्यांच्या हातात हुन्नर होतं, ज्यांच्या पदरी सत्ता होती, त्यांना उचललं आणि गरिबांना मागे ठेवलं. सिद्कीयाला मांडलिक राजा म्हणून बसवलं. मंदिर मात्र अजून उभं होतं. ते जाळलं गेलं इ.स.पू. ५८६ मध्ये. यिर्मयाचं पत्र या दोन घटनांच्या मधल्या काळातलं आहे, आणि ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. मागे शहर आहे, मंदिर आहे, भाऊबंद आहेत, आपला म्हणावा असा राजाही आहे. अशा वेळी बाबेलमधल्या माणसाला दुसरं काय वाटणार? आज ना उद्या परत जायचंय, इथं कशाला जीव लावायचा?

पत्र नेलं शाफानाचा मुलगा एलासा आणि हिल्कीयाचा मुलगा गमऱ्या यांनी. सिद्कीयाने त्यांना नबुखद्नेस्सराकडे पाठवलं होतं (२९:३), त्यांच्या हाती यिर्मयाने पत्र दिलं. वाळवंट टाळून उत्तरेकडून वळसा घालत जाणारा तो रस्ता. पुढे एज्राला बाबेलहून यरुशलेमेला यायला चार महिने लागले (एज्रा ७:९). इतक्या लांबून येणाऱ्या पत्राची लोक काय आशा धरून वाट पाहत असतील, ते वेगळं सांगायला नको.

आता अध्याय २८ उघडा. २८ वगळून २९ वर बोलणं ही या उताऱ्याबाबतची सर्वांत मोठी चूक, आणि दुर्दैवाने सर्वांत नेहमीची. गिबोनचा संदेष्टा हनन्या मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत सांगतो की दोन वर्षांच्या आत बाबेलला नेलेली मंदिराची पात्रं परत येतील, राजा परत येईल, सगळे बंदिवान परत येतील. बाबेलच्या अधीन राहा, या संदेशाची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं, ते काढून तो मोडून टाकतो. दोघांच्याही तोंडी "परमेश्वर असं म्हणतो" हेच शब्द आहेत. एक म्हणतो दोन वर्षं, दुसरा म्हणतो सत्तर. लोकांना कुणाचं ऐकावंसं वाटलं असेल, ते उघड आहे.

आणि यिर्मयाला परतण्याचा तिटकारा होता असंही नाही. २८:६ मध्ये तो हनन्याला "आमेन, परमेश्वर तसंच करो" म्हणतो. त्यालाही तेच हवं होतं. मग तो कसोटी सांगतो: शांतीचा संदेश देणाऱ्या संदेष्ट्याचं म्हणणं घडून आलं, तरच तो परमेश्वराने पाठवलेला (२८:९). हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. पात्रं परत आली नाहीत; उलट उरलेलीही गेली.

आपल्याकडे २९:११ वाचलं जातं ते बहुतेक वेळा हनन्याच्या आवाजात. पत्र यिर्मयाचं, मुदत हनन्याची. "या वर्षात", "या महिन्यात", "या आठवड्यात तुझं काम होईल" असं कुणी या वचनाच्या आधाराने सांगत असेल, तर त्याच्या हातात अध्याय २९ असला तरी तोंडात २८ आहे. हे सभेत इतक्या रोखठोक शब्दांत म्हणू नका, कुणाला तरी लागेल. पण स्वतःपुरतं स्पष्ट ठेवा.

चिठ्ठ्या काढूच नयेत का, असंही कुणी तुम्हांला विचारेल. चिठ्ठीत पाप नाही. आठवडाभर न उघडलेलं पवित्र शास्त्र तिच्यामुळे उघडलं जात असेल तर चांगलंच. पण चिठ्ठी हा दरवाजा समजावा. तिच्यावर एक वचन असेल तर त्या संध्याकाळी तो पूर्ण अध्याय वाचायचा, आणि तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहायची: हे कोण बोलतंय, कुणाशी बोलतंय, याच्या आधीच्या पाच ओळींत काय आहे. एवढं केल्यावरही ते वचन तुमच्या परिस्थितीला लागू पडतंय असं वाटलं, तर खुशाल धरा.

पत्राचा गाभा कुठं आहे

माझ्या मते २९:५-७ मध्ये. ११ व्या वचनात आशा आहे, पण काम ५ ते ७ मध्ये सांगितलंय. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलं होऊ द्या, त्या मुलांची लग्नं लावा, त्यांनाही मुलं होऊ द्या. ज्या नगरात मी तुम्हांला पाठवलं त्याच्या हितासाठी झटा आणि त्याच्यासाठी परमेश्वराची प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचं हित आहे.

बागेचं उदाहरण सभेत सांगण्याजोगं आहे, कारण आपल्याकडे शेतीची जाण असलेली माणसं असतातच. बाबेलच्या मुलखातलं मुख्य फळझाड खजूर. फुटवा लावला तरी फळ धरायला चार-पाच वर्षं जातात. दोन वर्षांत निघायचं असेल तर कुणी खजूर लावत नाही. म्हणजे "बागा लावा" या दोन शब्दांनी यिर्मयाने हनन्याला उत्तर देऊन टाकलंय, त्याचं नावही न घेता.

आणि ६ व्या वचनातल्या पिढ्या मोजा. पत्र ऐकणारा, त्याची मुलं, त्याची नातवंडं. तिशीतला माणूस पत्र ऐकत असेल, तर सत्तर वर्षांनी तो हयात नसणार. ११ व्या वचनातली "भावी सुस्थिती" त्याच्या नातवाच्या वाट्याला येणार होती. त्याला स्वतःला जे मिळालं ते असं: देवाने आपल्याला टाकलेलं नाही ही खात्री, आणि आज करायचं काम. एवढ्यावर माणूस जगू शकतो का, हा तुमच्या पंधरा मिनिटांचा खरा प्रश्न आहे. इब्री लोकांस पत्र ११:१३ म्हणतं की अनेक जण वचनफळ प्राप्त न होता, ते दुरून पाहूनच, विश्वासात मरण पावले. तिथं त्यांचं कौतुक केलंय, कीव केलेली नाही.

हे पत्र ऐकून लोकांना कसं वाटलं, याचा पुरावा त्याच अध्यायात आहे आणि तो फारसा कुणी वाचत नाही. २९:२४ पासून पुढे पाहा. बाबेलमधला शमाया नेहेलामी चिडून यरुशलेमेतल्या सफन्या याजकाला लिहितो की या यिर्मयाला खोड्यात का घातलं नाहीस? तक्रार कशाबद्दल? २८ व्या वचनात त्याने यिर्मयाचेच शब्द दिलेत: बंदिवास लांबणार आहे, घरं बांधा, बागा लावा. म्हणजे ११ व्या वचनाने धीर आला असं कुणी कळवल्याची नोंद नाही. ५ व्या वचनाने डोकं फिरलं याची मात्र लेखी नोंद आहे. "इथंच राहावं लागणार" हे ऐकणं इतकं जड होतं.

७ वं वचन तर त्याहून जड. ज्या नगरासाठी प्रार्थना करायची, त्याच नगराच्या राजाने मंदिराची पात्रं लुटून नेली होती. स्तोत्र १३७ बाबेलच्या नद्यांकाठचंच आहे, आणि त्याचं शेवटचं वचन वाचलं तर लोकांच्या मनात बाबेलविषयी काय धुमसत होतं ते कळतं. आपण ते स्तोत्र गाताना शेवटच्या ओळी गाळतो. तुमच्या सभेत त्या वाचायची गरज नाही, मुलं बसलेली असतात. पण तुम्ही स्वतः वाचा. त्याशिवाय "नगरासाठी प्रार्थना करा" हे वाक्य गुळगुळीत वाटत राहील.

लोकांनी पुढे केलं काय? इराकमधून मिळालेल्या सुमारे दोनशे मातीच्या पाट्या आहेत, इ.स.पू. ५७२ ते ४७७ या काळातल्या. त्यांत अल-याहूदु नावाच्या वस्तीतल्या यहुदी कुटुंबांचे व्यवहार सापडतात: जव, खजूर, कर्ज, शेतीचा खंड, सरकारी देणी. याशिवाय खुद्द बाबेलच्या राजवाड्यात सापडलेल्या पाट्यांवर यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना तेलाचा शिधा दिल्याची नोंद आहे. घरं झाली, शेती झाली, मुलं-नातवंडं झाली. मग इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पारसाचा राजा कोरेश याच्या हाती पडलं आणि परतीची परवानगी मिळाली. तेव्हाही पुष्कळ जण परत गेले नाहीत. सभेत हे सगळं दोन वाक्यांत आटपा. पुरातत्त्वात शिरलात की पंधरा मिनिटं तिथंच संपतात आणि लोक घरी जाताना पाट्यांबद्दल बोलतात, पत्राबद्दल नाही.

आपल्यापर्यंत आणायचं कसं

इथं लोक दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे "हे वचन माझंच". दुसरं टोक, थोडं पुस्तकी वाचन झालेल्यांचं: "ते यहुद्यांना होतं, आपला काही संबंध नाही". दुसऱ्या टोकाला गेलात तर जुना करार मिटूनच ठेवावा लागेल. रोमकरांस १५:४ सांगतं की पूर्वी जे लिहिलं गेलं ते आपल्या शिक्षणासाठी, आपण धीर धरून आशा बाळगावी म्हणून.

मधला मार्ग कष्टाचा आहे पण अवघड नाही. पत्रातून देवाविषयी काय कळतं ते पाहा: तो आपल्या लोकांना परक्या नगरातही विसरत नाही, तो घाई करत नाही, आणि वाट पाहण्याच्या काळाला तो वाया गेलेला काळ समजत नाही. हे आजही तसंच आहे. मग ख्रिस्तापर्यंत जा, पण उडी मारून नव्हे. मत्तय १:११-१२ उघडा. येशूच्या वंशावळीत बाबेलचं देशांतर नावानिशी आहे, आणि यकन्याही आहे. यकन्या म्हणजे यहोयाखीनच, तोच अठरा वर्षांचा राजा, ज्याला धरून नेलं. बंदिवासात त्याला मुलं झाली, म्हणून वंश पुढे चालला. "मुलं होऊ द्या" हे यिर्मयाचं सांगणं किती दूर पोचलं ते या एका ओळीत दिसतं. बाबेल म्हणजे सैतान, बाग म्हणजे मंडळी, फळ म्हणजे आत्म्याची फळं, अशी कोडी सोडवत बसायची गरजच पडत नाही.

दोन ठिकाणी जपून बोला. बंदिवास ही यहूदाच्या पापाची शिक्षा होती, हे यिर्मया अध्याय २५ मध्ये स्पष्ट म्हणतो. पोटासाठी चिंचवडला, मुंबईला किंवा दुबईला जाणं ही शिक्षा नव्हे. तुमच्यासमोर बसलेल्या कंत्राटी कामगाराला नकळतही असं वाटू देऊ नका की देव त्याच्यावर रागावलाय म्हणून तो भाड्याच्या खोलीत आहे.

दुसरं, "गाव म्हणजे यरुशलेम" हे समीकरण सगळ्यांचं नसतं. आपल्या मंडळ्यांमध्ये अशी पुष्कळ कुटुंबं आहेत ज्यांच्या आजोबांना गावकुसाबाहेर राहावं लागलं, ज्यांना शहराने पहिल्यांदा नळ दिला आणि नाव विचारून अंतर ठेवलं नाही. त्यांच्यासाठी शहरात येणं हे मिसरातल्या गुलामीतून निघण्यासारखं होतं. गावाच्या आठवणीने तुमचे डोळे भरून येतात, म्हणून सगळ्यांचे येतील असं धरू नका.

तयारी

सभेला एक आठवडा आहे असं धरतो. पहिल्या दिवशी अध्याय २७, २८, २९ सलग, मोठ्याने वाचा. २२, १७ आणि ३२ अशी एकूण ७१ वचनं आहेत, पाव तासात होतात. टीकाग्रंथ, मोबाइलवरचे संदेश, व्हिडिओ काही पाहू नका. ते आधी पाहिले की दुसऱ्याचेच शब्द तोंडात बसतात.

वाचताना नावांचा गोंधळ होणार, तो आधीच सोडवून घ्या. यहोयाकीम बाप, यहोयाखीन मुलगा. या मुलालाच यकन्या आणि २२:२४ मध्ये कोन्या म्हटलंय. सिद्कीया दोन आहेत: एक राजा, दुसरा २९:२१ मधला मासेयाचा मुलगा, बाबेलमधला खोटा संदेष्टा. २७:१ मध्ये काही प्रतींत यहोयाकीमचं नाव दिसेल, पण त्याच अध्यायातली ३ आणि १२ ही वचनं पाहिली की प्रसंग सिद्कीयाच्या काळातला हे लक्षात येतं. सभेत यातलं काहीही समजावत बसू नका. "राजा", "खोटा संदेष्टा" एवढंच म्हणा. नावं घ्यायची ती दोनच, यिर्मया आणि हनन्या.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका कागदावर एकच वाक्य लिहा: मला काय सांगायचंय. "देव चांगला आहे" हे वाक्य चालणार नाही, ते कुठल्याही उताऱ्यावर बसतं. "देवाने परतीचं वचन दिलं, आणि तोवर इथं मन लावून राहायला सांगितलं" हे चालेल, कारण ते याच उताऱ्यातून निघतं. ते वाक्य सापडेपर्यंत दाखले शोधू नका. दाखला आधी सापडला की वचन त्याच्या मागे फरफटत जातं.

पंधरा मिनिटांची वाटणी साधारण अशी ठेवा. वाचनाला चार मिनिटं: एकाने २८:१-४ वाचायचं, दुसऱ्याने २९:४-१४. दोन वेगळे आवाज हवेतच, मग दोन संदेष्ट्यांमधला फरक तुम्हांला समजावून सांगावा लागत नाही. लोकांच्या हातात वेगवेगळी भाषांतरं असतील, चष्मे घरी राहिलेले असतील, म्हणून सगळ्यांनी मिळून वाचण्याचा हट्ट नको. पार्श्वभूमीला तीन मिनिटं. मुख्य मुद्द्याला सहा. उरलेली दोन मिनिटं एका प्रश्नाला. "देव विश्वासू आहे ना?" असा प्रश्न विचारू नका, त्यावर सगळे "हो" म्हणतात आणि विषय संपतो. "पाचवं वचन ऐकून कुणाला राग आला असेल, आणि का?" असं विचारा. पहिला अर्धा मिनिट शांतता राहील. ती भरून काढायला स्वतः बोलू लागू नका.

स्वतःच्या बदलीबद्दल बोलायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. बोललात तर एका वाक्यात बोला, आणि ती साक्ष अपूर्ण असली तर तशीच अपूर्ण ठेवा. शेवट गोड करण्यासाठी "पण मला खात्री आहे, पुढच्या वर्षी होईल" असं जोडलंत की सगळ्या तयारीवर पाणी पडेल.

प्रार्थनेची वेळ वेगळी धरा, पाच-सात मिनिटं, आणि ती ७ व्या वचनावरच ठेवा. "शहरासाठी प्रार्थना करू या" म्हणून सोडून दिलंत तर लोक दोन वाक्यं बोलून पुन्हा आपल्या आजारपणाकडे वळतात. आधीच तीन-चार विषय कागदावर लिहून तिघांच्या हातात द्या: आपल्या गल्लीचं पाणी आणि कचरा, वॉर्डातली आशाताई आणि दवाखाना, पोलीस चौकीवर रात्रपाळी करणारे, कंपनीतले बिनओळखीचे परप्रांतीय कामगार. नगरसेवकाचं नाव घेऊनही प्रार्थना करता येते, मग तो कुठल्या का पक्षाचा असेना. १ तीमथ्य २:१-२ मध्ये अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना सांगितलीच आहे. प्रार्थनेतून कुणाला टोमणा जाणार नाही एवढं पाहा. "प्रभू, काही लोकांना समज दे" ही प्रार्थना कुणासाठी आहे ते खोलीतल्या सगळ्यांना कळतं.

आणि ७ व्या वचनात दोन गोष्टी आहेत, झटणं आणि प्रार्थना. फक्त दुसरी धरून चालत नाही. झटणं म्हणजे काय, ते अगदी साधं ठेवा: मतदार यादीतलं नाव गावाहून इथं आणा, शिधापत्रिकेवरचा पत्ता बदला, सोसायटीच्या किंवा चाळीच्या बैठकीला जा, मुलांच्या शाळेच्या पालकसभेत तोंड उघडा. मंडळीचं सभासदत्वपत्रही आणा. चार-पाच वर्षं एका मंडळीत बसायचं आणि नाव मात्र गावच्या नोंदवहीत ठेवायचं, यामुळे लग्न, बाप्तिस्मा, दफन अशा प्रत्येक प्रसंगी धावाधाव होते, आणि इथली मंडळी आपली वाटतच नाही. गावाशी नातं तुटत नाही. नाताळला जाताच की.

"घरं बांधा" या शब्दांवरून मात्र फ्लॅटचं कर्ज काढायला कुणाला ढकलू नका. हे वचन गृहकर्जाच्या बाजूने वापरलं जातं आणि हप्ते थकले की तेच वचन टोचतं. बंदिवानांना सांगितलं ते मुक्काम मान्य करायला. भाड्याच्या खोलीतही तो मान्य करता येतो.

आणखी एक गैरवापर सांगायलाच हवा. १३ व्या वचनात "मनापासून शोधाल तर पावाल" अशा अर्थाचं म्हटलंय. काम झालं नाही की कुणीतरी हे वचन काढतं: तुझं शोधणं मनापासूनचं नव्हतं, कुठंतरी पाप असेल, उपास कमी पडला. ताई, तुम्हांला कुणी असं म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. १२ ते १४ ही वचनं सत्तर वर्षांच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहेत: तेव्हा लोक पुन्हा देवाकडे वळतील आणि तो त्यांना भेटेल. दानीएल ९ मध्ये बाबेलला नेलेला दानीएल यिर्मयाचीच सत्तर वर्षं वाचून उपास करून प्रार्थना करतो, ते या वचनाचं चालतं उदाहरण आहे. काम न झालेल्या माणसाचा विश्वास मोजण्यासाठी ही वचनं दिलेली नाहीत.

शेवटचं, कारण तुमच्या सभेत आजारी माणसाचं घरही असेल. २९:११ दवाखान्यातल्या खाटेपाशी किंवा दफनानंतरच्या तीन-चार दिवसांत वाचू नका. वचन खरं असलं तरी त्या वेळी ते "सगळं चांगल्यासाठीच झालं" असं ऐकू येतं, आणि ज्याचं मूल गेलंय त्याला ते क्रूर वाटतं. तिथं स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनं आहेत, "किती काळ?" हा प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो, आणि सावकाश वाचलं तरी दीड मिनिटाच्या वर लागत नाही. बोलणं अगदीच अशक्य झालं असेल तर रोमकरांस ८:२६ पुरे: काय मागावं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः मध्यस्थी करतो. वाचून झाल्यावर स्पष्टीकरण देऊ नका. घरातल्यांना चहा कुणी केलाय का, दवाखान्यात रात्री कोण थांबणार आहे, ते विचारा आणि त्याची सोय लावून निघा.